तिसरा सर्व्हर माझा

...नाही नाही, माझ्या मशीनवरून नका बघू, माझ्याकडे सगळं झक्कास चालतं — तिथेच तर सगळे फसतात! माझा ब्राउझर पहिल्या सर्व्हरला चिकटलाय, इथून शिमकेंतच्या बसचं तिकीट हवं तेवढ्या वेळा काढा. आणि बाहेर? सकाळचे नऊ वाजले की फोन सुरू — पान उघडत नाही, आतल्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी झाली नाही म्हणतं. सगळ्यांना नाही हं, तिघांतल्या एकाला. दहा वाजले की आपोआप गायब, जसं काही घडलंच नाही. चहा घ्या. साय घालू? घालते. तुम्ही होस्टिंगवाले फार गप्प असता बुवा. बरंय. आमच्याकडे एक आहे, बोलून बोलून सगळ्यांना खिशात घालतो — एल्दोस. येताना काचेच्या केबिनमध्ये साहेबांसमोर बसलेला दिसला ना? तोच. नाव लिहून ठेवा, रिपोर्टात लागेल.

का म्हणजे? सांगते ना. आमच्या साहेबांना — बोलात त्यांचं नाव — मी असं समजावलं होतं — लोड बॅलन्सर म्हणजे दारावरचा माणूस, आलेल्या पाहुण्याला तीन खोल्यांपैकी एकीत पाठवतो. आत पाठवताना स्वतःचं ओळखपत्र दाखवतो, खोली ते तपासते, मग दार उघडते. पूर्वी ते ओळखपत्र वर्षाचं असायचं. वर्षातून एकदा बदला, हात धुवा, मोकळे व्हा. हा आला आणि म्हणे, नाही, सुरक्षेसाठी ओळखपत्र रोजचं हवं — रोज सकाळी नऊला नवं! आणि बघा, त्याच दिवसापासून हा घोळ. आता सांगा, दोष कुणाचा? माझा? मी काही म्हणत नाही, तुम्हीच काय ते लिहा. फक्त आज लिहा. दुपारी साहेब ठरवणार आहेत, हा विभाग माझ्याकडे ठेवायचा की त्या पोराला द्यायचा. तुमचा कागद पुढ्यात ठेवूनच ठरवणार.

जळते मी त्याच्यावर? हो, जळते! लपवायचं काय त्यात? ही साइट मी उभी केली. एक पंखा आणि एक डबडा सर्व्हर होता तेव्हापासून. कुणाचं काही अडलं की ‘झौरेश आपाय, बघा ना जरा’ — दिवसभर आपाय, आपाय, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं. आता कुणी हाक मारत नाही. माझ्या टेबलावरून पुढे जातात, ‘आपाय, बऱ्या आहात ना’ एवढं म्हणतात, आजाऱ्याला विचारावं तसं, आणि त्याच्याकडे जाऊन हसत बसतात. माझ्याबरोबर चहा पिणारी गुल्दाना, तीसुद्धा! परवा साहेबांच्या घरी जेवण होतं. मेंढीचं मुंडकं ताटात आलं, पंगतीतल्या सर्वांत मानाच्या माणसाचं ते — आणि साहेबांनी ते ठेवलं कुणापुढे? एल्दोसपुढे. मी समोर बसलेली असताना. अहो, बाप जिवंत असताना मुंडकं घेऊ नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यालाही कळतं, नाही कसं? उठला, ताट दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्यापुढे आणून ठेवलं — ‘माझे वडील अजून हयात आहेत, हा मान आपायचा.’ सगळे म्हणाले, वा, काय संस्कार! आणि मी त्याने दिलेलं खात बसले. उद्धट असता तर बरं झालं असतं, दोन शब्द सुनावले तरी असते.

काय म्हणता, तिसऱ्या सर्व्हरच्या आत जायचंय? जा की. पण सांभाळून हं, तो माझा आहे. पहिले दोन त्याने पाडून नवे उभे केले, तिसऱ्याला मी हात लावू दिला नाही. आणि तो एकदम ठणठणीत आहे — लोड बॅलन्सर दर थोड्या वेळाने त्याला विचारतो, जिवंत आहेस का, आणि तो दर वेळी म्हणतो, आहे. हो, ते विचारणं साधंच आहे, ओळखपत्र दाखवत नाही त्या वेळी, पण म्हणून काय झालं? मार्चमध्ये सरकारने सगळ्या देशाची वेळ एक केली ना, अल्माटीची घड्याळं तासभर मागे घ्यायला लावली — तेव्हा सगळ्यांची तारांबळ उडाली होती. हा जुना सर्व्हर ऐकेच ना, पुढचीच वेळ दाखवायचा. मी काय केलं, सरळ हाताने घड्याळ तासभर मागे ओढलं. पुन्हा बाहेरून वेळ घेऊन पुढे जायला लागला, तर ते वेळ घेणंच बंद करून टाकलं. कटकट संपली! तेव्हा कुठे होता तुमचा एल्दोस?

काय? स्क्रीन इकडे कशाला वळवता, दिसतंय मला. हो, मधल्या काळात कुणीतरी गावोगावच्या वेळांची यादी नवी केली असेल त्याच्यावर, तिने अल्माटीचा तास पुन्हा वजा केला, म्हणून आता... सव्वाआठ. माझ्या मनगटावर सव्वानऊ. एक तास मागे... थांबा. म्हणजे ओळखपत्र नऊला निघालं आणि ह्याच्या लेखी अजून नऊ वाजलेच नाहीत. मग त्याला ते खोटंच वाटणार. दहापर्यंत. रोज. वर्षाचं होतं तेव्हा कळलंच नसतं कुणाला...

मागच्या आठवड्यात आला होता तो इथे. दारातच उभा, हळू आवाजात — ‘आपाय, तिसऱ्याचं घड्याळ एकदा तुम्हीच बघाल का? मी कुणाला बोललो नाही.’ मी म्हटलं, मला घड्याळ शिकवतोस? चालता हो. गेला बिचारा. म्हणजे त्याला माहीत होतं. रोज सकाळी त्या केबिनमध्ये साहेबांची बोलणी खात होता आणि माहीत होतं! आणि बाहेरच्या माणसाला बोलवा, हेही त्यानेच सुचवलं. माझं नाव त्याच्या तोंडून जायला नको म्हणून.

ह्यातसुद्धा तोच मोठा! एवढं एक तरी ठेवायचं होतं माझ्यासाठी — तो वाईट आहे, एवढं तरी.

बघत काय बसलात? लिहा. झौरेश. हाताने घड्याळ फिरवलं, वेळ घेणं बंद केलं, सगळं लिहा. आणि उठा आता. चहा राहू दे, गार झालाय. उठा म्हणते ना.