माहेरची लुइझा

गल्लीच्या सामाईक भट्टीवर घरच्या रोट्या भाजून होईतो लाल्ला बतूल बाकावर टेकली. शेजारी दोन अनोळखी बाया बोलत होत्या, एक नवी नवरी, दुसरी चांगली मुरलेली.

“मावशी, सासूबाईंची लुइझा मेली हो! चहात टाकायला लिंबाच्या वासाचं एक पान उरलं नाही. शुक्रवारी त्या उज्दाहून परत येतायत.”

“पाणी किती घालत होतीस?”

“रोज. तहानली असेल म्हणून.”

“अगं, थंडीत लुइझा झोपते. झोपलेल्याच्या तोंडात कुणी तांब्या ओततं का? ही हातातली काडी तिचीच ना? नखानं खरवड बघू.”

“अय्या, आत हिरवं आहे!”

“मग जिवंत आहे. पाणी आवर, कुंडी उन्हाच्या भिंतीला ठेव. थंडी सरली की फांद्या छाट, बघ कशी फुटते.”

“मी तर बाजारातून नवी आणून त्याच कुंडीत लावणार होते. काडी नमुन्याला म्हणूनच आणली.”

“मी तेच केलं होतं. सासू अजून पाहुण्यांना सांगते, ही माझ्या माहेरची लुइझा. सांगू दे बापडीला!”

लाल्ला बतूल रोट्यांची फळी उचलून तरातरा घरी आली. पाहुण्यांना तीही हेच ऐकवत आली होती.

“इल्हाम, आपली लुइझा माझ्या माहेरचीच ना?”

सुनेच्या हातातली किटली हवेतच थांबली.

“म्हणजे काय, लाल्ला! तुमच्याच माहेरची.”

“बरं. ओत चहा. आणि थंडीत तिला पाणी घालत बसू नकोस. निदान ही तरी जगू दे.”