नाटकाबद्दल माझं मत

धुळ्यात एक नाटक कंपनी आली होती तेव्हाची गोष्ट. नाटक जुनंच, संगीत, पण त्यांनी ते नव्या धर्तीवर विनोदी करून टाकलेलं. राजा सायकलवरून दरबारात यायचा आणि राणी विरहाचं पद टेलिफोनवर गायची. माझी बायको जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दुपारच्या खेळाला मी एकटाच गेलो.

खेळ सुटल्यावर मॅनेजर दारात उभं राहून एकेकाला मत विचारत होते. साक्रीकडचे एक आबा अहिराणीत म्हणाले, "हाऊ राजा शे का पोस्टमन?" त्यांच्या मागचे शेठजी म्हणाले, "आम्ही तर पोट धरून हसलो. रडगाणं कोणाला पाहिजे?" मग मॅनेजर माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही जुने प्रेक्षक. तुम्हाला कसं वाटलं?"

मी बोलायला तोंड उघडलं, पण मला मतच सापडेना. आजवर नाटक सुटलं की आधी ही बोलायची. तिला आवडलं असेल तर मी खोड काढायचो, नसेल आवडलं तर नाटकाची वकिली करायचो. असं भांडत भांडत आम्ही घरी पोचायचो.

"उद्या सांगतो," म्हणालो आणि निघालो. घरी येऊन चूल पेटवली, चहाचं आधण ठेवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "नाटक अगदीच टाकाऊ होतं."

जरा वेळ थांबलो. पण 'तुम्हाला काय कळतंय त्यातलं' असं कोणी म्हणालं नाही.