गप्प गाडी आणि आबांचे दगड

पाचोरा रस्त्यावरच्या त्या हायब्रिड गाडीचं सांगितलं का तुम्हाला? नाही? मग कप ठेवा खाली आणि ऐका!

आमची फायर ब्रिगेडची गाडी पोचली, तर कार झाडाला घासून रस्त्यात तिरकी उभी, ड्रायव्हर आत अडकलेला आणि गावातले एक आबा थेट बॉनेटसमोर. इंजिनाचा आवाज शून्य. मी आधी चाकांपुढे दगड लावले, तर आबा भडकले, "बंद गाडीले दगड कसाले लावस रे भाऊ?"

"आबा, ही बॅटरीवरही चालते. गप्प असली तरी चालू असेल. बाजूला व्हा!"

आबा नुसते हसले. बटण बंद करायला मी खिडकीतून हात घातला, तेवढ्यात घाबरलेल्या ड्रायव्हरचा पाय ॲक्सिलरेटरवर पडला. आवाज नाही, काही नाही, गाडी सरळ आबांवर! दगडांनी अडली म्हणून वाचले. बंपर धोतराला टेकला होता!

बटण बंद केलं, ड्रायव्हरला सुखरूप काढलं आणि निघालो, तर आमचीच गाडी हलेना. उतरून बघतो तर सगळ्या चाकांना हे एवढाले दगड, आणि शेजारी आबा.

"आते मना कोनतीच गाडीवर भरोसा नही!"