आईचं ओके

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक बाप-लेक बसली होती. लेकीच्या आईला डॉक्टरांनी एकदा तपासून नुकतंच पुढच्या तपासणीसाठी आत नेलं होतं.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंत? आईला दोन वर्षं वाचताच येत नाहीये!”

“हो. अक्षरं दिसत नाहीत तिला.”

“मग माझ्या मेसेजना रोज ‘ओके’ कोण पाठवायचं?”

“मी.”

“काय?”

“पोरीला काळजी नको, म्हणाली. मला कुठं टायपिंग जमतंय? तेवढी दोन अक्षरं जमली.”

“अहो, त्या एका ओकेचे मी किती अर्थ लावायचे! लगेच आलं की आई खूश. उशिरा आलं की रुसली. पुढे टिंब असलं, तर मला दोन दिवस अन्न गोड लागायचं नाही!”

“टिंब चुकून पडायचं. अंगठा जाड आहे माझा.”

“आईला वाचून तरी दाखवायचात ना?”

“सगळे. एक सोडून.”

“कुठला?”

“वर ‘बाबांना दाखवू नकोस’ लिहिलेला.”

“अरे देवा! तुम्ही वाचलात तो?”

“‘आई, तू एकटीच राहायला ये. बाबा आले की घरात जीव घुसमटतो माझा.’ पाठच झालाय.”

“बाबा…”

“त्यालाही ओकेच पाठवलं होतं मी. त्याचा काय अर्थ लावलास गं?”