नऊशे तास

भाची : पण मामा, तुझ्या ह्या घरी बनवलेल्या खोट्या हेलिकॉप्टरवर चादर का घातलीस?

मामा : धूळ बसते म्हणून.

भाची : धूळ? दात घासायच्या आधी ब्रश घेऊन हे पुसायचास तू. मामी सगळ्या नातेवाइकांत सांगत सुटली होती.

मामी : आता दात घासतात आणि हे पुसत नाहीत. तीन आठवडे झाले. मला काय, टॉवेल वाळत घालायला एक जागा मिळाली.

मामा : अगं, तुझं दूध बघ गॅसवरचं.

मामी : दूध सकाळीच तापवलं. मला घालवायचं असेल तर सरळ तसं सांगा.

भाची : चादर काढ मामा. उद्या माझा पहिला तास आहे, खऱ्या हेलिकॉप्टरात. आजचा दिवस मला हे हातात घ्यायचंय. दोन तास तरी.

मामा : आज नको चिमे. खराब झालंय ते.

भाची : काय झालंय?

मामा : स्प्रिंग गेलीय.

मामी : बघ हं. शहरातल्या दोनशे लिफ्टा हा माणूस दुरुस्त करतो, आणि घरातली एक स्प्रिंग ह्याला तीन आठवडे सापडत नाही.

भाची : ती तर लिफ्टच्या दाराचीच स्प्रिंग आहे ना? तूच लावली होतीस हातातल्या काठीला. आणि पायाखालची पेडल शिलाई मशीनची. गंमत नाही करत मी. मैत्रिणींना हे सगळं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही. इंजिन सुरू करायला अकरा मिनिटं लावायचास तू. खऱ्यात लागतात तर इथेही लागली पाहिजेत म्हणायचास. एकदा मी मध्येच पाणी प्यायले तर ओरडला होतास. हवेत असताना कोण पाणी पितं म्हणून.

मामा : हो. ओरडलो होतो.

भाची : मग उद्याच्या माझ्या दिवसाला तू असा काय बसलायस? मला वाटलं होतं, तू माझ्या आधी तयार होऊन बसशील. तुझ्या पन्नाशीला मी तुला आमच्या शाळेतल्या खऱ्या हेलिकॉप्टरची ती फेरी भेट दिली, तेव्हा आठ दिवस आधीपासून बुटांना पॉलिश करत होतास.

मामी : आणि आले ते सरळ झोपले. दुपारी चार वाजता. मी विचारलं, कसं झालं? तर म्हणाले, फर्स्ट क्लास. आणि भिंतीकडे तोंड केलं.

मामा : थकलो होतो.

भाची : बरं, थकला होतास. जाऊ दे. मला आज सराव हवाच आहे मामा, कारण माझं सगळं बिघडलंय. ज्या बाईंकडे मी शिकणार होते ना, त्या नाहीत आता. दुसरे एक सर दिलेत. भयंकर खेकसतात म्हणे.

मामा : नाहीत म्हणजे?

भाची : बाईंना खाली बसवलंय. चौकशी होईपर्यंत उडवायचं नाही, शिकवायचं नाही. कोणातरी पाहुण्याला फेरी मारायला घेऊन गेल्या आणि हेलिकॉप्टर आपटलं. कोणाला काही लागलं नाही. पण त्यांनी स्वतःच लिहून दिलंय, चूक माझी म्हणून.

मामा : लिहून दिलं?

भाची : ऑफिसातल्या मुलीने सांगितलं. ते नवे सर सगळ्यांसमोर म्हणतात, ज्या बाईला जमिनीवर टेकवता येत नाही, तिने शिकवायचं कशाला.

मामा : त्यांना येतं टेकवता. पिसासारखं टेकवतात त्या.

भाची : तुला काय माहीत?

मामा : असं... ऐकलं होतं.

भाची : तुझ्याबरोबर तर सर होते. मिशीवाले. तूच सांगितलंस. त्यांनी तुझी पाठ थोपटली, म्हणाले तुम्ही आधी कुठे उडवत होतात.

मामी : मिशीवाले? मला तर म्हणाले, शिकवणारा तरुण पोरगा होता.

भाची : मामा.

मामा : काय?

भाची : तू कुठल्या तारखेला गेला होतास?

मामी : मी सांगते. रविवार होता. त्याच रात्री मनगट असं टम्म सुजलं होतं ह्यांचं. म्हणे लिफ्टचं दार लागलं. रविवारी! सुट्टीच्या दिवशी! मी काही बोलले नाही. म्हटलं, पन्नाशी झाली, असेल काही मनात.

भाची : त्या बाईंचंही रविवारीच झालं. तीन आठवड्यांपूर्वी.

मामा : अगं, जरा खिडकी उघड ना. कोंदट झालंय.

मामी : उघडीच आहे.

भाची : तो पाहुणा तू होतास?

मामा : हो.

भाची : नीट सांग.

मामा : काय नीट सांगू? मी होतो. त्यांनी आपटलं नाही. मी आपटलं.

मामी : अहो, काय बोलताय? जीव गेला असता म्हणजे!

मामा : पाच-सहा फुटांवर होतो गं. एवढ्याने जीव नाही जात. इज्जत जाते, पण तीही मी जाऊ दिली नाही. दुसऱ्याची घालवली.

भाची : पण कसं? तू नऊशे तास केलेयस ह्याच्यावर. घरबसल्या उडवणाऱ्यांच्या त्या ऑनलाइन ग्रुपवर तुला सगळे कप्तान म्हणतात. तुला एका जागी तरंगत ठेवता येतं, मी बघितलंय. तासभर!

मामा : मामीची छत्री कुठाय?

भाची : छत्री?

मामा : आण म्हणतो ना. आता त्या खुर्चीवर बस. छत्रीचं टोक मागे, जमिनीला टेकव, मूठ डाव्या हातात, मांडीच्या बाजूला. खऱ्यात लिव्हर तशीच असते. ही तुझी लिव्हर. डोळे मिट.

मामी : मोडू नका, मला संध्याकाळी लागणार आहे.

मामा : तू सहा फुटांवर आहेस. बाजूला बाई बसल्यात. काठी आणि पेडल त्यांच्याकडे, तुझ्याकडे फक्त लिव्हर. सगळं शांत आहे. आता जरा खाली बसतंय. खाली चाललंय चिमे, जमीन वर येतेय, सावर!

भाची : सावरलं.

मामा : डोळे उघड. हात बघ कुठे गेला.

भाची : पुढे... खाली ढकललं मी.

मामा : खऱ्या हेलिकॉप्टरात ती वर ओढायची असते. वर ओढली की वर जातं. ढकलली की दगड.

भाची : पण मला माहितीये हे! पुस्तकात वाचलंय मी, चित्र काढून ठेवलंय वहीत!

मामा : मलाही माहीत होतं. डोक्याला माहीत होतं. हाताला नव्हतं. खाली जायला लागलं म्हणून ढकलली, आणखी खाली गेलं म्हणून आणखी ढकलली. एक क्षणही शंका आली नाही बघ. नऊशे तासांत ह्या हाताने दुसरं काही केलंच नव्हतं.

भाची : तू ती लिव्हर उलटी का लावलीस पण? शिकायला लागले तेव्हाच मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, पुढे ढकललं की वर, मनाला पटतं.

मामा : पटतं बिटतं काही नाही. खरी तशी बनवली होती मी पहिल्यांदा, मांडीच्या बाजूला ओढायची. पण तिच्या वजनाने ती आपोआप खाली यायची. दोन दिवस खटपट केली, वॉशर बदलले, जमेना. मग कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळाचा थ्रॉटल, म्हणजे जोर वाढवायचा दांडा, कोणीतरी दिला होता तो स्क्रूने टेबलाला बसवला. तो पुढेच ढकलायचा असतो. म्हटलं चालतंय. बाकी सगळं खरं करायचं आणि हे एक राहू दे. आळस, दुसरं काय? आणि ग्रुपवर एकाने विचारलं, कप्तान, हे उलटं नाही का? तर त्याला मी चार परिच्छेद ऐकवले. असा झाडला की बिचाऱ्याने ग्रुप सोडला.

मामी : आणि मनगट?

मामा : ते त्यांनी मारलं.

मामी : बाईंनी? तुम्हाला?

मामा : उडण्याआधी त्यांनी तीनदा बजावलं होतं. मी 'माझ्याकडे' म्हटलं, की तुम्ही हात सोडायचा आणि म्हणायचं 'तुमच्याकडे'. एवढंच लक्षात ठेवा, बाकी काही चुकलं तरी चालेल. मी हसलो. म्हटलं, बाई, हे मी लोकांना शिकवतो. आणि त्या ओरडल्या 'माझ्याकडे!' आणि मी सोडलीच नाही. मला वाटलं, माझंच बरोबर आहे, ह्यांनाच काही कळत नाहीये. शेवटी त्यांनी मूठ घातली मनगटावर तेव्हा हात सुटला. तोवर आपटलं. एकदा आपटून उसळलं, पुन्हा आपटलं. मग त्यांनी टेकवलं. पिसासारखं.

भाची : आणि काय म्हणाल्या?

मामा : लागलं का तुम्हाला? एवढंच. मग म्हणाल्या, फॉर्मवर तुम्ही अनुभव नऊशे तास लिहिला होता, म्हणून मी लवकर हातात दिलं. माझं चुकलं, विचारायला हवं होतं, कशावरचे तास.

भाची : तू नऊशे तास लिहिलंस? फॉर्मवर?

मामा : रकाना होता तिथे. अनुभव. पेन हातात होतं, पलीकडे दोन पोरं युनिफॉर्मात उभी होती. लिहून टाकलं.

मामी : अहो!

मामा : ओरडू नकोस. तीन आठवडे मी स्वतःच ओरडतोय स्वतःवर. बाहेर आलो तर पुढच्या फेरीसाठी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपी. तपासणी होईपर्यंत आता हेलिकॉप्टर उडणार नाही म्हणून त्यांना परत पाठवत होते. जाता जाता मला विचारलं, कसं वाटतं हो वर? मी म्हणालो, फर्स्ट क्लास.

भाची : आणि बाई कागद लिहीत होत्या.

मामा : समोरच्या टेबलावर. मला दिसत होतं काय लिहितायत ते. मी तिथे पाणी पीत उभा होतो. नुसतं म्हणायचं होतं, बाई, थांबा. जीभ रेटली नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी पाय बाहेरच निघाले.

भाची : मामा, हे सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक नाही, पण ते राहू दे. मी दुसरंच विचारतेय. दोन वर्षं मी तुझ्या ह्याच लिव्हरवर शिकले. उद्या सकाळी नऊ वाजता मी खऱ्यात बसणार आहे. तू मला सांगणार कधी होतास?

मामा : रोज फोन हातात घेत होतो.

भाची : कधी?

मामा : उद्या सकाळी गाठलं असतं तुला.

भाची : खोटं. मी आत्ता आले, सराव मागितला, आणि तू म्हणालास स्प्रिंग गेली.

मामा : हो.

भाची : मी तशीच गेले असते. आणि माझ्या बाजूला तो खेकसणारा माणूस असता. त्यालाही वेळेवर मूठ घालायला सुचलं नसतं तर?

मामी : पोरी, पुरे. रडतायत ते.

भाची : रडू दे ना! मीही रडतेय! मला जगात सगळ्यात जास्त ह्याचं खरं वाटायचं. आईचं नाही, पुस्तकाचं नाही, ह्याचं!

मामा : तेच तर गं. तू सोडून मला कप्तान म्हणणारं खरं माणूस कोण आहे? ग्रुपवरच्यांना मी तोंडसुद्धा दाखवलेलं नाही. तुला सांगितलं असतं की मग मी कोण उरलो? लिफ्टवाला. वरखाली करणारा.

मामी : लिफ्टवाल्याशीच लग्न केलंय मी. माझं काही अडलं नाही.

भाची : फोन कुठाय तुझा?

मामा : कशाला?

भाची : आज रविवार आहे, हेलिकॉप्टरची शाळा उघडी असते. नंबर लावते मी. सांगते त्यांना, चूक माझ्या मामाची होती, बाईंची नव्हती. आणि माझा उद्याचा तास पुढे ढकला, मला पहिल्यापासून हात बसवायचाय. तू चादर काढ आणि तो थ्रॉटल उखडून टाक. लिव्हर वर राहत नसेल तर सुतळी बांध, काहीही कर.

मामा : लिफ्टला समतोलाचं वजन असतं. तसं मागे लावलं तर राहील. आधीच सुचायला हवं होतं.

भाची : मग ते लाव. फोन दे माझ्याकडे.

मामा : नको.

भाची : मामा, तुला जमणार नाही बोलायला. दे.

मामा : नको म्हणतो ना. हा राहू दे माझ्याकडेच. तू फक्त इथे बस. आणि अगं, तूही बस. ऐकलंत तरी चालेल.

(मामा नंबर लावतो. पलीकडचं बोलणं खोलीत ऐकू येत नाही.)

मामा : हॅलो... नमस्कार. मी तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी फेरीला आलो होतो... हो, तोच. ज्याच्या वेळी आपटलं तो... नाही, तक्रार नाहीये. उलट. त्या कागदावर बाईंनी जे लिहिलंय ते खरं नाही. लिव्हर माझ्या हातात होती. त्यांनी सोडायला सांगितलं, मी सोडली नाही... हो, लेखी देतो. आजच येतो, तासाभरात... काय? फॉर्म? हो, ते अक्षर माझंच आहे. ते नऊशे खोडा... नाही, ते घरातल्या खुर्चीवरचे आहेत... खरे? थांबा, सांगतो. खऱ्या हेलिकॉप्टरात दीड मिनिट. दीडच लिहा.