पहिल्या भावाला नाही

नाही हो मिस्त्री, घसरले. मघाशीच सांगितलं ना — काका घसरले आणि दार उघडायच्या आधीच दारातून बाहेर गेले. तुम्ही माप घ्या. चौकट शाबूत आहे, नुसती काच गेलीय. खालचे तुकडे मी झाडलेत, पण बिजागरीपाशी हात जपून घाला, तिथं अजून — हो, रक्तच आहे ते. वाळलंय. संध्याकाळच्या आत नवी काच बसायला हवी. का म्हणजे? असं फाटून आलेलं माणूस दिसलं की दवाखानेवाले पोलिसांना कळवतात, मग ते जागा बघायला येतात. आल्यावर त्यांना नीट दार दिसावं, एवढंच. उगाच प्रश्न नकोत. प्रश्न विचारणाऱ्या लोकांशी माझं जमत नाही, कॉलेजसुद्धा मी त्यावरूनच सोडलं.

ऑफिस बघून हसू येतंय ना? दोन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि हे काचेचं दार — दार काकांच्या हौसेचं. आमची लाकडाची वखार होती. काका आणि माझे बाबा, दोघांची निम्मी निम्मी. बाबा गेले, काकांनी वखार विकली आणि सगळा पैसा सरकारी रोख्यांत घातला. सरकार बुडत नाही म्हणाले. बरोबर आहे, सरकार नाही बुडत, आपण बुडतो. रोखे ठेवायचे, विकायचे, सगळं ॲपवर. आता काकांचं बोट फोनवर पडलं की लाकडावर कुऱ्हाड पडल्यासारखं पडतं, म्हणून ॲप चालवायला हा दिवटा. दिवटा म्हणजे मी, त्यांनीच ठेवलेलं नाव. पण दिवट्यावर भरवसा कुणी ठेवायचा? मग अशी सोय केली की सौदा मी टाकायचा आणि होकार काकांच्या फोनवरून जायचा. त्यांनी हो दाबलं नाही तर माझं टाकलेलं सगळं पाण्यात. बैल मी, कासरा त्यांच्या हातात.

आता यात आई कुठं आली? आई सगळीकडेच आली. बाबा गेल्यापासून ती काकांच्या घरात राबतेय. काकूनं तिला जाऊबाई म्हणायची वेळ गेली, आता नुसतं ‘ए’. तिनं दोन खोल्या बघून ठेवल्या, छोट्या आहेत पण मोरीत ऊन येतं, त्याचंच तिला कौतुक. घरमालक म्हणाला, कालच्या संध्याकाळपर्यंत पैसे दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आईनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि वाटणी मागितली. आत्या समोर बसली होती, म्हणून काकांना नाही म्हणता आलं नाही. विका म्हणाले, निम्मे रोखे विका, हिचं तोंड एकदाचं बंद होऊ दे.

चार-दोन रोखे असले की ॲपवर चुटकीसरशी विकले जातात. आमच्याएवढा ढीग असला की तसं नसतं, मिस्त्री. आपण भाव मागायचा, पलीकडे कुठला तरी मोठा दलाल बसलेला असतो, तो भाव पाठवतो, आणि तो भाव चहा निवेपर्यंत जिवंत राहतो. तेवढ्यात हो म्हणायचं. नाहीतर मेला. आणि काल सकाळीच बातमी — व्याजाचे दर वाढले. नव्या रोख्याला जास्त व्याज मिळणार म्हटल्यावर आमच्या जुन्याला कोण विचारतो? भाव उतरणार हे शेंबड्या पोराला कळेल. मी मागणी टाकली, भाव आला, चांगला आला. म्हटलं काका, दाबा. तर हे हाताची घडी घालून बसले. पहिल्या भावाला हो म्हणणारा व्यापारी भीक मागतो, म्हणाले. पन्नास वर्षं वखारीत हेच केलं ना — गिऱ्हाइकाला उठून जाऊ द्यायचं, तो दारातून वळतो, अहो शेठ म्हणत परत येतो. अरे पण पडद्यातून कोण वळणार आहे म्हाताऱ्या? भाव मेला. मी पुन्हा मागितला, तो आधीपेक्षा कमी. बघ, घाबरवतोय, म्हणाले, आणि पाणी प्यायले. तिसरा त्याहून कमी. मग म्हणाले, कोण आहे हा पलीकडचा, त्याला फोन लाव, मी बोलतो. कुणाला लावू? चौथ्यांदा भावच आला नाही. एवढा मोठा ढीग घेऊन हे लोक नुसतं झुलवतायत, असं वाटलं असेल त्या दलालाला. एकही आकडा नाही, कोरा पडदा.

आई तिथंच होती, तुम्ही उभे आहात तिथं. पिशवी घट्ट धरून. तिला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून सगळं कळलं. आणि काकांनी फोन खिशात घातला. शांतपणे. म्हणाले, उद्या बघू. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझ्या बापालाही अशीच घाई असायची. गेला ना घाईनं.”

पुन्हा भाव आला तर हो दाबायला मला त्यांचा फोन हवा होता, बाकी काही नाही. खिशात हात घातला तर त्यांनी कानफटात लावली. ती मला नवी नाही, वखारीत फळीच्या पट्टीनं पाठ सोलून निघालीय माझी, तेव्हा मी एवढासा होतो आणि हे देवमाणूस म्हणून सगळीकडे मिरवायचे. पण आईसमोर, आणि बाबांचं नाव घेऊन — मी गळपट्टी धरली आणि दारावर नेऊन आपटलं. धाडकन आवाज झाला. काच नाही फुटली. जाड असते ना ही? तर म्हातारा हसला हो. दात विचकून हसला. म्हणून मग दुसऱ्यांदा —

असं काय बघताय? माप घ्या. सांगितलं ना, घसरले.

आईनं ओरडायला हवं होतं. नाही ओरडली. खाली बसून पदरानं त्यांचा गळा दाबून धरला, रक्त बोटांमधून येत होतं आणि मला म्हणते, फरशी पूस, कुणाला काही बोलू नकोस, पाय घसरला म्हण. मी पुसली. मला वाईट वाटलं का? खरं सांगू? आतून बरं वाटत होतं. तेच —

थांबा, आईचा फोन. — बोल. — शुद्धीवर आले? — पोलीस होते? मग? — काय म्हणाले? पुन्हा सांग. — आणि तू? तू काय म्हणालीस? — आई, रडू नकोस. तू हो म्हणालीस? — ठेव. ठेव म्हणतो ना.

ऐकलंत? म्हातारा म्हणतो, मीच घसरलो. पोलिसांना सांगितलं, पोरगं लांब होतं, त्यानं बोटसुद्धा लावलं नाही. आई तिथं रडतेय, आनंदानं, देव पावला म्हणतेय. आणि पोलिसांची पाठ वळल्यावर तिला जवळ बोलावून काय म्हणाले? “तुझं पोरगं वाचवलंय मी. आता वाटणीचं नाव या घरात निघायचं नाही.” आणि ती हो म्हणाली. लगेच. गळ्याला टाके घालून पडलाय आणि सौदा करून मोकळा. मी तुरुंगाबाहेर राहायचं आणि त्याच्या बदल्यात तिनं मरेपर्यंत त्याच्या घरात भांडी घासायची. वर उपकार. मी जेवायला बसलो की दर घासाला तो माझ्याकडे बघणार.

नाही, मिस्त्री. टेप गुंडाळा. काच नको. असू दे दार असंच. येऊ देत ते बघायला, मी दाखवतो कुठं धरलं, कसं आपटलं, किती वेळा. मग बघू कोण कुणावर उपकार करतंय. अहो, त्या बिजागरीला फडकं लावू नका, सोडा ते. तुमचे यायचे-जायचे पैसे घ्या आणि निघा. निघा म्हटलं ना.