वहीत न लिहिलेला चमचा

दवाखान्यात नंबर येईपर्यंत निवृत्त शिक्षिकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. पण कान काही मिटता येत नाहीत. शेजारच्या बाकावर बेकरीवाले आणि त्यांची मुलगी बसली होती.

"बाबा, आठवडाभर खाल्लेलं सगळं वहीत लिहायचं होतं."

"लिहिलंय की. भाजी, सूप, फळं."

"एवढ्यावर चिमणीसुद्धा जगणार नाही. मग लिव्हरवर चरबी चढली कुठून?"

"तेच म्हणतोय मी. यांचं मशीन बिघडलंय."

"आणि केकचं क्रीम?"

"ते मी चाखतो. चाखणं म्हणजे खाणं नव्हे. शिंपी दिवसभर कपडे शिवतो, म्हणून ते सगळे अंगात घालतो का?"

"घातले तरी त्याला काढता येतात. दिवसातून किती वेळा चाखता?"

"बारा. गिऱ्हाईक जास्त असलं तर वीस."

"एकेक चमचा?"

"गोडाचा अंदाज एका चमच्यात येतो होय?"

"असंच चाललं तर लिव्हर कडक होईल म्हणालेत डॉक्टर. उद्यापासून मी चाखीन."

"तू? तुझी जीभ फक्त बोलण्यात तयार झालीये."

"मग शिकवा. पण शिकवायला तुम्ही असायला हवं ना, बाबा."

शिक्षिकाबाईंनी डोळे उघडले.

"काका, वजन करायचंय. खिसे रिकामे करा," नर्स म्हणाली.

बेकरीवाल्यांनी किल्ल्या काढल्या, रुमाल काढला आणि वरच्या खिशातून, जिथे इतरांचं पेन असतं तिथून, एक चमचा काढला.

"धर. वजन झालं की परत दे."

मुलीने चमचा पर्समध्ये टाकून चेन ओढली.

"चाखण्याआधी चूळ भरायची," काट्यावर उभे राहून ते म्हणाले. "आणि अर्धाच चमचा घ्यायचा. तेवढ्यात सगळं कळतं."